गोठ्यात भट्टी पेटेपर्यंत

ऑक्टोबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या काळात मी आमच्या जुन्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात हौशी लोहारकामापुरती एक छोटी भट्टी उभी केली. मी कोल्हापुरातल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते, करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात राहते, आणि लोहारकामाचा घरचा किंवा शिक्षणाचा कोणताही वारसा माझ्याकडे नाही. या छंदाविषयी इंटरनेटवर भरपूर माहिती मिळते, पण ती बहुतेक अमेरिका-इंग्लंडमधल्या गॅरेजांत काम करणाऱ्यांनी लिहिलेली असते. तिथला कोळसा, तिथली एका बाजूला निमुळते शिंग असलेली ऐरण आणि तिथले कायदे यांचा गावठाणातल्या कौलारू गोठ्याला फारसा उपयोग होत नाही. म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहिते आहे. रकमा माझ्या खर्चाच्या वहीतल्या आहेत. गाव आणि वर्ष बदलले की त्या बदलतील.

काही विकत घेण्याआधी कोणाच्या तरी भट्टीवर बसून पाहावे, असे मी ठरवले होते. शेजारच्या गावात एक वयस्कर लोहारमामा आहेत. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता. त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की आता वेळ नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू होताना कोयत्यांना धार लावण्यासाठी आणि मृगाच्या आधी खुरपी व कुळवाची पाती (फाशी) शेवटण्यासाठी, म्हणजे ठोकून पुन्हा धारदार करण्यासाठी, लोहाराकडे रांग लागते, आणि या दोन मोसमांत शिकणाऱ्याला कोणीही उभे करत नाही. पौषात या, असे ते म्हणाले. आपल्या भागातल्या लोहाराकडे शिकायचे असेल तर शेतीचे वेळापत्रक आधी पाहावे, हे मला त्या दिवशी कळले. शिकवणीच्या पैशांचेही तेव्हाच बोलून घेतले, कारण माझ्या चार तासांत त्यांचा तेवढा रोजगार बुडणार होता. दर रविवारचे ५०० रुपये ठरले.

पौष येईपर्यंतचा वेळ मी कागदपत्रांसाठी वापरला. घर गावठाणात आहे आणि सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीकडे अर्ज त्यांच्या सहीने करावा लागला. ‘घरगुती छंदासाठी भट्टी’ असा अर्जाचा छापील नमुना कुठेही नसतो. साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि सोबत घराचा नमुना ८ चा (कर आकारणीचा) उतारा, चालू वर्षाच्या घरपट्टीची व पाणीपट्टीची पावती, गोठ्याचा हाताने काढलेला नकाशा आणि तिन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती जोडली. उताऱ्याला वीस रुपये लागले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नये; पुढच्या प्रत्येक फेरीत तोच कागद आधी मागितला गेला.

डिसेंबरच्या मासिक सभेत अर्जावर शंका निघाली की हा कारखाना आहे काय. शंका रास्तच होती. त्यावर मी एक स्वघोषणापत्र लिहून दिले, आणि ते साध्या कागदावर चालले. त्यात पाच गोष्टी स्पष्ट होत्या : वस्तूंची विक्री होणार नाही, कामगार असणार नाहीत, यांत्रिक घण बसवला जाणार नाही, इंधन म्हणून लोणारी म्हणजे लाकडाचा कोळसा वापरला जाईल, आणि काम सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाच ते सात याच वेळांत चालेल. वेळा लिहिताना मी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम वाचले होते. निवासी भागात दिवसा म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. ऐरणीचा ठोका जवळून मोजला तर याच्या कितीतरी वर जातो, त्यामुळे कायद्याने दिलेल्या सगळ्या वेळेवर हक्क सांगण्यापेक्षा दोन तास मागणे मला शहाणपणाचे वाटले. जानेवारी २०२४ च्या सभेनंतर ना हरकत पत्र मिळाले.

शेजाऱ्यांच्या संमतीला मात्र सभेपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. उत्तरेकडच्या घरातली मुलगी दहावीला होती. तिची परीक्षा मार्चमध्ये संपेपर्यंत एकही ठोका पडणार नाही, असा शब्द मी दिला. पश्चिमेकडचे काका गोठ्याच्या भिंतीला लागून उसाचे पाचट रचून ठेवत. उडालेली एक ठिणगी तिथपर्यंत पोचली तर काय होईल, हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. त्यांनी विचारले ते एवढेच की पाचट हलवायचे कोणी. ते आम्ही हलवले आणि त्यांच्या परड्याच्या दुसऱ्या टोकाला रचून दिले. हे काम पैशांनी होत नाही, अंगमेहनतीने होते.

आणखी दोन कायदेशीर बाबी याच काळात पाहून घेतल्या. पहिली शस्त्रांची. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनुसार तलवारी, खंजीर, भाले यांच्यासह नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे बनवायला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे यातून वगळलेली आहेत. म्हणजे विळा, कोयता, विळीचे पाते यांना अडचण नाही. भट्टीची बातमी पसरल्यावर एका नातेवाइकांनी मंडळाच्या सत्कारासाठी एखादी तलवार घडवून देशील का, असे अगदी सहज विचारले. त्यांना मी हा नियम वाचून दाखवला आणि खुरपे हवे असेल तर देईन, असे सांगितले. दुसरी बाब घराच्या विम्याची. वास्तूचा वापर बदलला तर विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते, न कळवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. मी लेखी कळवले. उत्तर यायला सहा आठवडे लागले आणि गोठा विमा संरक्षणातून वगळला गेला. घर मात्र तसेच राहिले. हप्ता वाढला नाही.

पौषातल्या पहिल्या रविवारी मामांच्या भट्टीवर गेले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “वहिनी, घण उचलंल का?” बाईने हे शिकायला यावे याचे त्यांना अजिबात नवल नव्हते. त्यांच्या घरी मामी घण मारतात. रस्त्याकडेला पाल टाकून अवजारे बनवणाऱ्या घिसाडी कुटुंबांतही पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि घण बहुधा बाईच्या हातात असतो. नवल वाटले ते माझ्या कार्यालयातल्या लोकांना.

तिथे मी सर्वांत जास्त काय शिकले असेन तर रंग ओळखायला. उन्हात सगळे लोखंड सारखेच दिसते. म्हणून लोहाराची जागा नेहमी अंधारी असते, आणि ती गरिबीमुळे तशी असते असे मला आधी वाटत होते. सावलीत गडद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी आणि पिवळा हे टप्पे स्पष्ट वेगळे दिसतात. “लाल दिसलं की मारायची घाई करताय तुम्ही, जरा पिवळं होऊ द्या की,” असे मामा वारंवार सांगत. थंड होत चाललेल्या लोखंडावर ठोकत राहिले तर ते वळत नाही, उलट कडेला चिरते, आणि मनगटाला बसणारा हिसका निराळाच. लोखंडाने लाल रंग सोडला तरी ते चारशे अंशांच्या आसपास असू शकते आणि दिसायला पूर्ण थंड वाटते. म्हणून भट्टीजवळ पडलेली कोणतीही वस्तू उचलण्याआधी तळहाताची मागची बाजू तिच्यापासून थोड्या अंतरावर धरून पाहायची सवय त्यांनी पहिल्याच दिवशी लावली.

हे शिकणे फेब्रुवारीअखेरपर्यंत चालले. त्याच काळात आठवड्यातल्या इतर दिवशी गोठ्याचे काम काढले होते, आणि माझा बहुतेक पैसा व विचार तिथेच गेला. अवजारांची निवड चुकली तर ती बदलता येते; धूर कोंडणारी किंवा पेट घेणारी जागा पुढे कितीही चांगली ऐरण आणली तरी कामाची नसते.

गोठा बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे. जनावरे २०१९ च्या पुरानंतर विकली, तेव्हापासून तो मोकळाच होता. अर्ध्या भागात शहाबादी फरशी होती, ती भट्टीच्या बाजूने काढून टाकली. तापलेले लोखंड दगडावर किंवा सिमेंट काँक्रीटवर पडले की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन वरचा थर तडकतो आणि त्याच्या कपच्या जोराने उडतात. त्याऐवजी मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून जमीन केली; मजुरीसह ४,००० रुपये. छपराला मंगलोरी कौले आहेत, पण खालचे वासे आणि रिपा लाकडाच्या. भट्टीच्या वरच्या भागात वाशांखाली चार इंचांची पोकळी सोडून जस्त न चढवलेला लोखंडी पत्रा टांगून घेतला. पोकळी महत्त्वाची आहे, कारण पत्रा लाकडाला चिकटवून मारला तर तो तापून लाकडालाच उष्णता देतो. याला ३,२०० रुपये लागले. जस्ताचा मुलामा नको, हे पत्रे कापणाऱ्याला मला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. जस्त ९०० अंशांच्या थोडे वर गेले की उकळते आणि त्याच्या वाफेने थंडी वाजून ताप येतो, श्वास लागतो. त्याच कारणाने जुने जीआय (जस्त चढवलेले) पाइप, मुलामा दिलेले नटबोल्ट आणि तार भट्टीत कधीही घालू नयेत.

धुराड्याचा व्यास हा सगळ्यांत वादाचा विषय ठरला. फॅब्रिकेटरने घरच्या चुलीच्या हिशेबाने सहा इंची पाइप सुचवला होता. भट्टीच्या उघड्या तोंडातून धुराबरोबर आजूबाजूची बरीच थंड हवाही ओढली जाते, त्यामुळे दहा ते बारा इंचांशिवाय ओढ नीट लागत नाही. दहा इंची पाइप घेतला, तो आढ्याच्या वर तीन फूट नेला, टोकाला टोपी बसवली आणि कौलांमधून जिथे बाहेर पडतो तिथे पत्र्याची दुहेरी कड केली. धुराचे तोंड भट्टीच्या डोक्यावर न ठेवता बाजूला, निखाऱ्यांच्या पातळीला ठेवले. त्यामुळे डोक्यावर मोठे छत्र लागले नाही आणि लांब सळई फिरवायलाही मोकळीक राहिली. एकूण खर्च ९,५०० रुपये. ओढ तपासायला उदबत्ती पुरते. ती धुराच्या तोंडाशी धरून, दारे एकदा उघडी आणि एकदा लोटलेली ठेवून पाहिली. पश्चिमेचे दार पूर्ण उघडे असताना वारा आत शिरून धूर मागे ढकलत होता, म्हणून काम करताना ते अर्धे लोटून पूर्वेचे सताड उघडे ठेवायचे, असे ठरले.

लोणारी कोळशाला धूर कमी असतो म्हणून तो निर्धोक वाटतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही बाहेर पडतो आणि त्याला रंग नाही, वास नाही. त्याची सूचना देणारा गजराचा डबा २,२०० रुपयांना मागवून बसल्यावर नाक येईल अशा उंचीवर भिंतीला लावला. चार किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक १,८५० रुपयांना मिळाले. ते भट्टीजवळ न टांगता दाराजवळ टांगले, कारण आग लागली की आपण दाराकडेच धावतो. वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याची टाकी जवळ आहेतच.

विजेचे काम तुलनेने लवकर उरकले. हातमशीन म्हणजे अँगल ग्राइंडर, दोन दिवे आणि एक पंखा एवढाच भार असल्याने मंजूर भार वाढवावा लागला नाही. नवे अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की प्रवाह तोडणारी कळ) आणि वायरिंग मिळून ६,८०० रुपये झाले. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी गोठ्यात पाणी आले होते, त्याची भिंतीवरची खूण अजून दिसते. बटणांचा बोर्ड त्या खुणेच्या वर बसवला.

मार्चमध्ये सामान घ्यायला लागले. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा वापरावा, असे जवळपास प्रत्येक जण सुचवतो आणि भंगारवाल्यांकडे तो दिसतोही. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो तुकडा आपल्याकडे कसा आला हे आपल्याला सिद्ध करता यावे लागते. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते, त्यामुळे कायदेशीर तुकडा मिळत नाही असे नाही. मात्र पक्के बिल देणारा विक्रेता मला मिळाला नाही, म्हणून तो विचार सोडला. ज्यांना असा तुकडा बिलासह मिळेल, त्यांनी तो आडवा न टाकता उभा पुरावा, म्हणजे हातोड्याच्या बरोबर खाली जास्त वस्तुमान येते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ओतीव बिडाच्या ऐरणीही मी पाहिल्या. बीड ठिसूळ असते, हातोडा कडेला बसला की टवका उडतो आणि ठोक्यानंतर हातोडा उसळत नाही.

मामांची ऐरण म्हणजे लाकडात पुरलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर सगळे काम झाले असेल तर मला शिंग कशाला हवे, असा विचार करून मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ठोकळाच शोधला. १२५ मिलिमीटर चौरस आणि २५० मिलिमीटर उंचीचा ईएन-२४ जातीच्या पोलादाचा, आधीच उष्णतोपचार केलेला, कापून उरलेला तुकडा मिळाला. वजन ३०.७ किलो, दर किलोला १४० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५,०७२ रुपये. मोठी गोलाई वळवायला पाइपचा जाड तुकडा व्हाइसमध्ये (पकडीच्या शिकंजात) धरला की भागते. ठोकळ्याखाली बाभळीचा ओंडका आहे, तो वखारीतून पावतीसह ९०० रुपयांना आणला आणि दोन फूट जमिनीत पुरला. मामा बसून काम करतात. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही, म्हणून उभे राहून मूठ खाली सोडल्यावर बोटांची पेरे टेकतील इतकी उंची ठेवली. ओंडक्याच्या खाचेत वाळू भरून ठोकळा बसवला आणि भोवती साखळी आवळली, तेव्हा ठोक्याचा खणखणीत आवाज बराच बुजला. उत्तरेकडच्या घरात उभे राहून मी तो ऐकून पाहिला आहे.

भट्टीचे भांडे म्हणून ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याला खालून दोन इंची पाइप आणि राख काढायला झडप, असे जोडकाम २,४०० रुपयांत झाले. आत वारुळाची माती आणि राख कालवून थर द्यायचा सल्ला मामांचा; त्याने निखारा मधोमध गोळा राहतो आणि कोळसा कमी लागतो. हवेसाठी हाताने फिरवायचा भाता २,६०० रुपयांना घेतला. विजेचा ब्लोअर स्वस्त होता, पण तो चालू राहिला की आपले लक्ष नसतानाही कोळसा जळत राहतो आणि लोखंड ठिणग्या टाकून वितळू लागते. हाताने फिरवायचा असला की थांबले की आगही दमाने घेते. बाकी दोन पौंडी हातोडा ४५० रुपये, मामांनीच बनवून दिलेल्या तीन सांडशा १,२०० रुपये, जुना सहा इंची बेंच व्हाइस २,८०० आणि हातमशीन २,९०० रुपये. सांडशीवर काटकसर करू नये. धरलेला तुकडा सांडशीतून निसटला तर तो कुठे जाईल याचा नेम नसतो.

इंधनाचा प्रश्न मी लोणारी कोळशावर सोडवला असला, तरी तो प्रत्येकाने आपल्या जागेप्रमाणे सोडवावा. दगडी कोळसा पेटताना पिवळा दाट धूर आणि गंधकाचा वास सोडतो; गावठाणात तो पहिल्याच दिवशी वैर निर्माण करेल. कोल्हापुरात फाउंड्र्यांमुळे कोक मिळतो आणि त्याची उष्णता उत्तम असते, पण त्याला सतत हवा द्यावी लागते, भाता थांबला की तो विझू लागतो. लोणारी कोळसा तेव्हा किलोला ४० रुपये पडत होता आणि दोन तासांच्या कामाला चार-पाच किलो लागतो; ठिणग्या मात्र फार उडवतो. गॅसची भट्टी स्वच्छ असते, पण स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर त्यासाठी वापरणे नियमाने बंद आहे, व्यावसायिक वापराचा १९ किलोचा निळा सिलिंडर घ्यावा लागतो. सध्या मी तिकडे वळलेले नाही.

सासूबाईंच्या आग्रहाने पहिली आग गुढीपाडव्याला, ९ एप्रिल २०२४ रोजी पेटवली. त्या दिवशी काहीही घडवले नाही. नुसती भट्टी तापवून मातीचा थर वाळवला, धूर कुठे जातो ते पाहिले आणि गजराच्या डब्यावरचा आकडा वाचत बसले. एप्रिल-मे महिन्यांत सकाळचेच दोन तास मिळत, नंतर पत्र्याखाली थांबवत नसे. सरावासाठी दहा मिलिमीटरची साधी चौकोनी सळई घ्यावी. बांधकामाची टीएमटी सळई घराघरांत पडलेली असते, पण तिचा बाहेरचा थर आतल्यापेक्षा वेगळा असतो आणि तिच्यावरच्या कंगोऱ्यांमुळे नवशिक्याला ठोक्याचा अंदाज येत नाही. टोक काढणे, चपटे करणे, पीळ देणे, आकडा वळवणे एवढेच मी दोन महिने केले. कपडे पूर्ण सुती घालते, ओढणी काढून ठेवते, केस बांधते, पायांत चामड्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे. हातमशीन चालवताना सुती हातमोजे घालत नाही, ते चाकात ओढले जातात.

पावसाळा सुरू झाल्यावर गोठ्याचा दुसराच चेहरा दिसला. कोळसा हवेतला ओलावा शोषून घेतो आणि पेटताना फुटतो, म्हणून तो झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात भरला. ऐरण आणि हातोडे एका रात्रीत तांबूस व्हायचे. काम संपल्यावर कोमट असतानाच तेलाचा हात फिरवला की ते थांबते. जुलैच्या अखेरीस पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा हातमशीन, भाता आणि कोळशाचे पीप माडीवर नेले. पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबले. ऐरण मात्र तिथेच राहिली; तिला उचलायचे म्हटले तर आधी ओंडका खणून काढावा लागला असता.

श्रावणात मामांना थोडी उसंत असते, तेव्हा मी पाणी देणे शिकायला पुन्हा गेले. पोलाद लाल करून एकदम थंड केले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग पुन्हा हलके तापवून त्यातला ठिसूळपणा उतरवावा लागतो. मामा हे एकाच तापात करतात. विळ्याची फक्त धार पाण्यात बुडवतात, बाहेर काढून ती घासून उजळ करतात, आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना उजळ पट्टीवर जे रंग उमटतात ते पाहत राहतात. आधी फिकट पिवळा येतो, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. गवत कापायच्या विळ्याला पिवळ्यावर थांबवायचे, कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. हे सगळे काही सेकंदांत घडते आणि त्यांचे हात त्या सेकंदांत कुठेही घाई करत नाहीत. मी ते पाहिले, करून पाहिले, आणि माझ्यासाठी सावकाशीचा मार्ग निवडला.

माझे साहित्य म्हणजे गाडीच्या कमानपाट्याचे पोलाद. भंगारातला पाटा घ्यायचा तर तुटलेला घेऊ नये, कारण वर्षानुवर्षे वाकून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. गॅरेजमध्ये नव्या पाट्याची कापून उरलेली टोके मिळतात, ती बरी. त्यातून विळीचे पाते घडवले. तापमानाची खूण म्हणजे लोहचुंबक. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचे थांबते. त्यानंतर रंग अगदी थोडा वर जाऊ द्यायचा आणि पाते कोमट शेंगतेलात उभे बुडवायचे. पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते. तेलाचा डबा उंच, लोखंडी आणि झाकणाचा हवा, कारण पाते पूर्ण बुडण्याआधी तेलावर ज्वाळा येते. ती झाकण टाकले की विझते. नंतर जुन्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तासांचे दोन फेरे. हा ओव्हन खास याच कामासाठी १,८०० रुपयांना घेतला आहे. कानस धारेवरून न धरता घसरली तर कडकपणा आला असे समजायचे, पण ती परीक्षा ओव्हनच्या आधी करायची.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत विळीची दोन पाती, काही खुरपी, उलथने, भिंतीचे आकडे आणि मला स्वतःला वापरता येईल अशी एक सांडशी इतके झाले. विळी सासूबाई वापरतात. त्यांच्या मते पाते थोडे जड आहे, आणि ते खरे आहे.

जागेवर, म्हणजे जमीन, छप्पर, धुराडे, वीज आणि सुरक्षेवर एकूण २७,५५० रुपये गेले. ओव्हन सोडून अवजारांवर सुमारे १८,३०० रुपये. मामांची शिकवणी, कोळसा आणि पाट्याचे तुकडे वेगळे. पुढची खरेदी पट्ट्याच्या ग्राइंडरची आहे, कारण हातमशीनने पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या घासणे फार वेळखाऊ आहे. त्याला दोन अश्वशक्तीची मोटर लागेल, म्हणजे आता मंजूर भार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्रात या यंत्राचा उल्लेख नसल्याने तिथेही एक पुरवणी पत्र द्यावे लागेल. दोन्ही कागद लिहून ठेवले आहेत. सासऱ्यांची सही तेवढी व्हायची आहे.